‘लोलिता’त डोलोरेस शोधावी लागते

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘असली पुस्तके आजच्या काळात वाचावीत का?’ हा प्रश्न वाचकांच्या पत्रव्यवहारात अधूनमधून येतो आणि व्लादिमिर नाबोकोव्ह यांच्या ‘लोलिता’चे नाव त्यात हटकून असते. एका बाजूचे पत्रलेखक विचारतात, बारा वर्षांच्या मुलीवरील अत्याचाराची कादंबरी सार्वजनिक ग्रंथालयात हवी कशाला? दुसऱ्या बाजूचे म्हणतात, भाषेचे वैभव पाहा, नीती-अनीती बाजूला ठेवा. या दोन्ही बाजू एकाच माणसाचे ऐकून बोलत असतात. तो माणूस म्हणजे कादंबरीचा निवेदक हम्बर्ट हम्बर्ट. पहिल्या बाजूला त्याचे बोलणे हेच लेखकाचे म्हणणे वाटते, दुसरी बाजू त्याच्या बोलण्यावर भाळते. ज्या मुलीविषयी हे सगळे आहे, ती दोघांच्याही हाती लागत नाही. ती पुस्तकात आहे, पानोपानी आहे. पण शोधत वाचले तरच दिसते. तिला कसे शोधायचे, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे. ते लांबले आहे, पण हा विषय चार ओळींत मावणारा नाही.

आधी प्रतीविषयी. जिच्यात सुरुवातीला ‘जॉन रे, ज्युनिअर’ या नावाची प्रस्तावना आणि शेवटी नाबोकोव्ह यांचा स्वतःचा लेख आहे, अशीच प्रत घ्यावी. शेवटचा लेख खराखुरा, १९५६ सालच्या नोव्हेंबरातला. प्रस्तावना मात्र कादंबरीचाच भाग आहे; जॉन रे हे एक पात्र आहे. घाईतला वाचक ती ओलांडून थेट पहिल्या प्रकरणाच्या गाजलेल्या ओळींवर जातो आणि पहिली चूक इथेच होते. प्रस्तावनेत जाता जाता सांगितले आहे की, हम्बर्ट १६ नोव्हेंबर १९५२ रोजी, खटला उभा राहण्याच्या थोडे आधी, कोठडीतच हृदयविकाराने मरण पावला. त्याच परिच्छेदांत आणखी एक बातमी आहे : ‘मिसेस रिचर्ड एफ. शिलर’ नावाची बाई १९५२ च्या नाताळच्या दिवशी बाळंतपणात गेली, मुलगी मृतच जन्मली. ही शिलरबाई कोण, हे पहिल्या वाचनात कळण्याचा मार्गच नाही. दुसऱ्या भागाच्या सत्ताविसाव्या प्रकरणात एक पत्र येते आणि त्याखालच्या सहीत ते नाव पुन्हा दिसते, तेव्हा तीनशेच्या घरातली पाने मागे जाऊन प्रस्तावना उघडावी लागते. ती शिलरबाई म्हणजेच लोलिता. शिवाय हम्बर्टने लिहून ठेवले आहे की, हे लिखाण लोलिता हयात नसेल तेव्हाच प्रसिद्ध व्हावे. म्हणजे पुस्तक आपल्या हातात आहे याचाच अर्थ ती मुलगी मेलेली आहे.

वहीच्या शेवटच्या पानावर एक तारीखवार टिपण करून ठेवावे. त्याला दहा मिनिटे लागतात आणि हम्बर्टचे निम्मे गारूड तिथेच उतरते. डोलोरेस हेझचा, म्हणजेच लोलिताचा, जन्म १ जानेवारी १९३५ चा. हम्बर्टचा १९१० चा. तो रॅम्सडेल गावात तिच्या आईच्या घरी भाडेकरू म्हणून येतो ते १९४७ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी. तेव्हा ती साडेबारा वर्षांचीही नाही. आईशी तो लग्न करतो, आई मोटारीखाली सापडून मरते आणि ऑगस्टमध्ये तो मुलीला शिबिरातून उचलून एका हॉटेलात नेतो. ऑगस्ट १९४७ ते ऑगस्ट १९४८ ही पहिली भटकंती. मग बीअर्ड्सली गावी शाळा. मग दुसरी भटकंती आणि जुलै १९४९ मध्ये एल्फिन्स्टन गावच्या रुग्णालयातून तिची सुटका. तेव्हा ती साडेचौदा वर्षांची. सप्टेंबर १९५२ च्या पत्रात ती सतरा वर्षांची आहे, विवाहित आणि गरोदर. नाताळच्या दिवशी मृत्यू, म्हणजे अठरावे वर्ष पुरे व्हायला एक आठवडा उरलेला असताना. आपल्याकडचा २०१२ सालचा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो. त्या व्याख्येने ही मुलगी पुस्तकाच्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या श्वासापर्यंत बालकच आहे.

आता नावाकडे पाहा. ‘लोलिता’ हे हम्बर्टने तिच्यावर चढवलेले नाव आहे. आई तिला ‘लो’ म्हणते, शाळेत ती ‘डॉली’ आहे, सही करताना ‘डोलोरेस’. त्या नावाच्या मुळाशी लॅटिन ‘दोलोर’ आहे, म्हणजे दुःख, वेदना. ‘निम्फेट’ हा शब्दसुद्धा हम्बर्टचाच. नऊ ते चौदा वयातल्या काही मुलींना तो हे नाव देतो आणि लगोलग त्या मनुष्यजातीतल्याच नाहीत असे सुचवतो. मराठीत चर्चा करताना आपण त्याचे भाषांतर ‘अप्सरा’ वगैरे करून टाकतो. अप्सरा म्हटले की तप भंग करायला आलेली स्त्री डोळ्यांपुढे उभी राहते आणि दोष आपोआप तिच्याकडे सरकतो. तो शब्द तसाच ठेवावा आणि तो हम्बर्टचा आहे हे दर वेळी लक्षात असू द्यावे.

पहिले वाचन सलग करावे. कादंबरीचे दोन भाग आहेत, पहिल्यात ३३ आणि दुसऱ्यात ३६ प्रकरणे. रोज पंचवीस-तीस पाने धरली तर दोन आठवड्यांच्या आत पुस्तक संपते. फ्रेंच शब्द, कवितांचे संदर्भ, शब्दांचे खेळ यांसाठी थांबू नये. आल्फ्रेड अॅपेल यांनी तयार केलेली टीपांची आवृत्ती १९७० पासून उपलब्ध आहे आणि ती उत्तम आहे, पण तिला दुसऱ्या वाचनातच हात लावावा. ती आधी उघडली तर वाचक कोडी सोडवायला बसतो. क्लेअर क्विल्टी हा नाटककार कथेत कुठे कुठे लपला आहे, पहिल्या भागाच्या आठव्या प्रकरणातल्या नाट्यकोशाच्या पानात त्याचे नाव कसे येते, कोणत्या गाडीचा रंग काय, या शोधात रंगून जाणे फार सोपे आहे. तो शोध हम्बर्टच्या सोयीचा आहे. आपल्या मुलीला कोणी ‘पळवले’ हे शोधणारा बाप अशी भूमिका त्याला वठवायची असते, आणि आपण नकळत त्याच्याबरोबर गुप्तहेर होतो.

दुसऱ्या वाचनाला शिसपेन घ्यावी. संपूर्ण पुस्तक पुन्हा वाचायची गरज नाही. प्रस्तावना, पहिल्या भागातली ८, ११ आणि २७ ते ३३ ही प्रकरणे, दुसऱ्या भागातली १ ते ३, ७, १६, २०, २९, ३२ आणि ३६. समासात तीनच खुणा कराव्यात. अवतरणचिन्हांत डोलोरेस स्वतः बोलते तिथे ‘ड’. तिचे रडणे, दुखणे, आजार येतो तिथे ‘र’. पैसा, खरेदी, लालूच किंवा धमकी येते तिथे ‘प’. नंतर केवळ खुणा केलेल्या ओळी ओळीने वाचाव्यात. हम्बर्टच्या पुस्तकाच्या पोटातून दुसरेच एक पुस्तक बाहेर येते.

उदाहरणादाखल पहिल्या भागाचा शेवट घ्या. हॉटेलातल्या रात्रीबद्दल हम्बर्ट लिहितो की पुढाकार तिचा होता, तिनेच त्याला भुलवले. पुस्तकाचा बचाव करणारे आणि पुस्तकावर चिडणारे, दोघेही हे वाक्य त्याच्याकडून जसेच्या तसे उचलतात. पण बत्तिसाव्या प्रकरणात, दुसऱ्या दिवशीच्या गाडीच्या प्रवासात, ‘ड’ची खूण करण्याजोग्या ओळी आहेत : ती दुखत असल्याचे सांगते, आत काहीतरी फाटले आहे म्हणते आणि पोलिसांना फोन करून तू माझ्यावर बलात्कार केलास हे सांगायला हवे, असेही म्हणते. ‘बलात्कार’ हा शब्द पुस्तकात त्या मुलीच्या तोंडी आहे. हम्बर्ट लिहितो की, ती थट्टा करत होती की काय ते कळेना. त्यानंतर तेहतिसावे प्रकरण, जेमतेम अर्ध्या पानाचे. तिच्यासाठी काय काय विकत घेतले त्याची यादी : चित्रकथांची चार पुस्तके, मिठाईचा डबा, सॅनिटरी पॅडचा खोका, दोन कोक, नखे कापायचा संच, अंधारात चमकणारे प्रवासी घड्याळ, पुष्कराजाची अंगठी, टेनिसची रॅकेट, रोलर स्केट्स, दुर्बीण, छोटा रेडिओ. वाचक यादीवरून झरझर जातो, आणि ती तशी जाण्यासाठीच रचली आहे. पॅडचा खोका मिठाई आणि कोकच्या मधोमध दडवला आहे. आदल्या प्रकरणातल्या दुखण्याशी तो जोडून पाहायचा की नाही, हे लेखक आपल्यावर सोडतो. एव्हाना तिला आई गेल्याचे कळलेले आहे. यादी संपते आणि लगेच प्रकरणही संपते : दोघांच्या खोल्या वेगळ्या होत्या, तरी मध्यरात्री ती हुंदके देत त्याच्या खोलीत आली, कारण तिला जायला दुसरी कुठलीच जागा नव्हती. हे शेवटचे कारणही हम्बर्टच्याच लेखणीतून येते. आपण केवढी मोठी कबुली दिली, हे त्याच्या गावी नसते.

या लेखनाची चाल एकदा ओळखली की ती जागोजाग दिसते. मोठा, झुलता, सजवलेला परिच्छेद आणि त्याच्या शेपटाला एक साधी ओळ. दुसऱ्या भागाचे तिसरे प्रकरण याचा नमुना म्हणून शिकवावे असे आहे. तिथे हम्बर्ट वर्षभराच्या भटकंतीचा जमाखर्च मांडतो : प्रत्यक्ष प्रवासाचे सुमारे १५० दिवस, मुक्कामाचे २०० दिवस, २७,००० मैल, खर्च ८,००० डॉलर, नाही, १०,००० म्हणू, काही बाबी विसरलो असेन. मग ते पूर्वेकडे परत निघतात. सगळीकडे गेलो आणि काहीच पाहिले नाही, असे तो म्हणतो. त्या प्रवासातून हाती काय उरले त्याच्या गणतीत दुमडलेले नकाशे येतात, फाटकी प्रवासपुस्तके येतात, जुने टायर येतात आणि सर्वांत शेवटी, त्याच गणतीत, तिचे हुंदके. रोज रात्री, त्याने झोपेचे सोंग घेतले की सुरू होणारे. ‘रोज रात्री’ हे तो दोनदा लिहितो. मागच्या कितीतरी पानांवर ती चिडखोर, हट्टी, कंटाळलेली, सिनेमाची मासिके चाळणारी अशी दिसली होती. त्या प्रत्येक दिवसाच्या शेवटी हे रडणे होते आणि त्याला ते ठाऊक होते. पहिल्या वाचनात हे एक वाक्य निसटले तर संपूर्ण प्रवास हा मौजेचा प्रवास म्हणून वाचला जातो.

पैशाच्या खुणा तर अंगावर येतात. दुसऱ्या भागाच्या पहिल्या प्रकरणात धमकी आहे : तोंड उघडलेस तर मी तुरुंगात जाईन, पण तुला सुधारगृहात डांबतील. दुसऱ्यात सकाळची कॉफी आहे. ती आणून दाखवायची आणि त्याचे मनासारखे होईपर्यंत हातात द्यायची नाही. सातव्यात तिचा खाऊचा पैसा येतो, आणि पुढे ती लपवून ठेवलेली रक्कम हम्बर्ट तिच्या खोलीतून चोरतो : एकदा ‘ट्रेझर आयलंड’च्या पानांत एकेका डॉलरच्या आठ नोटा, एकदा चित्रामागच्या भिंतीतल्या भोकात चोवीस डॉलर साठ सेंट. का चोरतो, तेही तो सांगतो. पन्नास डॉलर जमले तर ती पळून जाईल ही त्याची भीती. त्याला ती पैशाची लोभी वाटते. आपण आकडे मांडले की दिसते ते एवढेच : एक मूल सुटकेचे भाडे जमवत होते. शेवटच्या भेटीत, ती राहते त्या कोलमाँट गावी, तो तिला चारशे डॉलर रोख आणि ३,६०० चा धनादेश देतो आणि वाचकाचे डोळे पाणावतात. तिथेही समासात ‘प’ लिहावे आणि तिच्या आईच्या घराचे पुढे काय झाले, ते पैसे मुळात कुणाचे होते, हे विचारावे.

हे सारे लेखकाने जाणूनबुजून केले आहे का, असा प्रश्न काहींना पडतो. कॅसबीमच्या न्हाव्याचे उदाहरण पुरे आहे. दुसऱ्या भागाच्या सोळाव्या प्रकरणात एकच वाक्य त्याच्यावर आहे. म्हातारा न्हावी हम्बर्टचे केस कापताना बेसबॉल खेळणाऱ्या मुलाविषयी बोलत राहतो, कात्रणे दाखवतो, आणि हम्बर्टचे लक्ष इतके कमी आहे की तो मुलगा मरून तीस वर्षे झाली आहेत हे त्याला अगदी शेवटी उमगते. नाबोकोव्ह यांनी शेवटच्या लेखात लिहिले आहे की, या न्हाव्यापायी त्यांचा एक महिना खर्ची पडला. दुसऱ्याच्या दुःखाकडे लक्ष नसणे म्हणजे काय, हे त्या एका वाक्यात रचून ठेवले आहे. एका वाक्यासाठी महिना घालणाऱ्याने पॅडचा खोका चुकून यादीत टाकला असेल, हे मला पटत नाही. लेखकाच्या पत्नी व्हेरा नाबोकोव्ह यांनी १९५८ मध्ये आपल्या टिपणांत खंत नोंदवली होती की, या मुलीची असहायता, त्या राक्षसावर विसंबून राहण्याची तिची वेळ आणि तिचे धैर्य कुणीतरी पाहायला हवे होते. आजही परीक्षणे वाचताना ती खंत आठवते. एका खपाऊ पेपरबॅक आवृत्तीच्या मुखपृष्ठावर तर एका मासिकातले असे वाक्य छापले होते की, ही आपल्या शतकातली एकमेव पटण्याजोगी प्रेमकथा आहे.

मुखपृष्ठांचा विषय निघालाच आहे म्हणून. अमेरिकन आवृत्तीच्या वेळी नाबोकोव्ह यांनी प्रकाशकाला बजावले होते की, मुखपृष्ठावर लहान मुलीचे चित्र कोणत्याही रूपात नको. पुढे सगळे उलटे झाले. हृदयाच्या आकाराचा लाल चष्मा आणि ओठांतला लॉलीपॉप ही प्रतिमा १९६२ च्या चित्रपटाच्या जाहिरातीतली आहे. कादंबरीत तो चष्मा नाही. पहिले पान उघडण्याआधीच वाचकाच्या मनात चुकीची मुलगी बसते ती इथून. असे मुखपृष्ठ असलेली प्रत मिळाली तर तिला सरळ वर्तमानपत्राचे वेष्टण घालावे, वाचनात फरक पडतो.

दुसऱ्या भागाचा शेवट हा सर्वांत निसरडा प्रदेश. हम्बर्ट पश्चात्ताप करतो. डोंगरकड्यावर उभा राहून तो खालच्या गावातून येणारा मुलांच्या खेळण्याचा आवाज ऐकतो आणि त्या आवाजांत तिचा आवाज नाही, हेच खरे दुःख असे म्हणतो. पान सुंदर आहे, ते वाचून गलबलते, आणि गलबलायला हरकत नाही. पण ज्या कोर्टापुढे तो बोलतो आहे त्याचे सभासद आपण आहोत. पहिल्याच प्रकरणापासून तो आपल्याला ज्युरी म्हणून हाक मारत आला आहे. आरोपीने शिक्षेआधी केलेल्या भाषणासारखे हे पान वाचावे. एक तारखेचा घोळही इथे आहे. हम्बर्ट म्हणतो, हे लिखाण मी ५६ दिवसांपूर्वी सुरू केले, आधी मनोरुग्णांच्या कक्षात, मग तुरुंगात. १६ नोव्हेंबरपासून ५६ दिवस मागे मोजले तर आपण २२ सप्टेंबरच्या आसपास पोहोचतो, म्हणजे तिचे पत्र त्याच्या हाती पडले तो दिवस. मग त्यानंतरची कोलमाँटची भेट आणि तिला रुग्णालयातून नेणाऱ्या क्विल्टीचा हम्बर्टने केलेला खून कधी झाला? काही अभ्यासकांच्या मते ते प्रसंग हम्बर्टने कोठडीत बसून रचले. ब्रायन बॉइड यांच्यासारख्या चरित्रकाराचे म्हणणे की, ही लेखकाची मोजण्यातली साधी चूक असावी. मला बॉइड यांचे पटते, कारण कोलमाँटची डोलोरेस हम्बर्टला सुचण्यासारखी नाही : चष्मा लावलेली, थकलेली, पोट पुढे आलेली, त्याच्याबरोबर यायला सरळ नकार देणारी. पण वाद ठाऊक असला म्हणजे पश्चात्तापाच्या पानावर विश्वास किती टाकायचा हे ज्याचे त्याला ठरवता येते.

दुसऱ्या भागाचे बत्तिसावे प्रकरण मी या सर्वांच्या वर ठेवीन. त्यात हम्बर्टला काही जुने क्षण आठवतात. तिची एक वर्गमैत्रीण, एव्हिस, आपल्या जाड्या, गोऱ्या, मायाळू वडिलांना बिलगते आणि ते पाहताना डोलोरेसच्या चेहऱ्यावरचे हसू विझत जाते. त्या मुलीला बाप आहे, धाकटा भाऊ आहे, नुकतीच झालेली बहीण आहे, घर आहे, दोन कुत्री आहेत. डोलोरेसला काहीच नाही. त्याच प्रकरणात ती मैत्रिणीशी बोलताना म्हणते की, मरणातले भयंकर ते हे की त्या वेळी माणूस अगदी एकटे असते. ‘ड’ची खूण इथे ठळक करावी.

एक सत्यघटनाही माहीत हवी, कारण कादंबरीत तिचे नाव आहे. दुसऱ्या भागाच्या तेहतिसाव्या प्रकरणात हम्बर्ट कंसात विचारतो की, पन्नाशीच्या फ्रँक लासाल नावाच्या मेकॅनिकने १९४८ मध्ये अकरा वर्षांच्या सॅली हॉर्नरचे जे केले, तेच मी केले का? सॅली हॉर्नर न्यू जर्सीतल्या कॅम्डेनची. दुकानातून पाच सेंटची वही उचलताना तिला या माणसाने पाहिले, आपण एफबीआयचे असल्याचे सांगून घाबरवले आणि पळवून नेले. २१ महिने त्याने तिला बाप-लेक म्हणून देशभर फिरवले. मार्च १९५० मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमधून तिची सुटका झाली. ऑगस्ट १९५२ मध्ये, पंधराव्या वर्षी, ती मोटार-अपघातात गेली. जे कादंबरीला ‘कल्पनेचा विकृत खेळ’ म्हणतात त्यांनी हा कंस वाचावा.

बंदीच्या इतिहासाबद्दल थोडक्यात. अमेरिकी प्रकाशकांनी नाकारल्यावर पुस्तक सप्टेंबर १९५५ मध्ये पॅरिसच्या ऑलिम्पिया प्रेसने दोन खंडांत काढले. डिसेंबर १९५६ मध्ये फ्रान्सने त्यावर बंदी आणली, १९५८ मध्ये अमेरिकेत ते उघडपणे निघाले आणि तीन आठवड्यांत लाखभर प्रती गेल्या. १९५९ मध्ये प्रती मुंबईच्या कस्टममध्ये अडकल्या. मुंबईचेच एक संपादक डी. एफ. कराका यांनी अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे पत्राने तक्रार केली होती. मोरारजींचेही मत पुस्तकाविरुद्ध होते. अखेर नेहरूंनी पुस्तक येऊ देण्याच्या बाजूने निर्णय दिला. आपल्या कोर्टांचा प्रवासही वाकडातिकडा आहे. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याची इंग्रजी कादंबरी विकल्याबद्दलची शिक्षा कायम केली, ती अश्लीलतेच्या १८६८ च्या इंग्लिश कसोटीवर. पाचच वर्षांनी, ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातील ‘शामा’ या मराठी कथेबद्दल चंद्रकांत काकोडकर यांना त्याच न्यायालयाने दोषमुक्त केले. सुटा उतारा उचलून निकाल देता येत नाही, लेखन सबंध पाहावे लागते, हा त्या प्रकरणांतून पुढे आलेला धडा ‘लोलिता’च्या वाचकालाही तंतोतंत लागू पडतो. पहिल्या भागाचे तेरावे प्रकरण सुटे वाचले तर ते घातकच आहे. त्यात हम्बर्ट मुलीचे स्वतंत्र अस्तित्वच पुसून टाकतो आणि तसे केल्याचे समाधान व्यक्त करतो. दुसऱ्या भागाच्या बत्तिसाव्या प्रकरणाशिवाय ते वाचणे म्हणजे आरोपीची उलटतपासणी होण्याआधीच उठून जाणे.

ग्रंथालयांच्या वाचनगटांनी हे पुस्तक जरूर घ्यावे, पण तयारीने. गट प्रौढांचाच हवा. तीन बैठका ठेवाव्यात : पहिली बैठक प्रस्तावना ते पहिल्या भागाचे सव्विसावे प्रकरण, दुसरी तिथून दुसऱ्या भागाच्या तिसऱ्यापर्यंत, तिसरी उरलेल्याची. कोणत्या प्रकरणांत काय आहे हे आठवडाभर आधी कळवावे, म्हणजे ज्याला टाळायचे त्याला कारण न देता टाळता येईल. दहा-पंधरा जणांच्या खोलीत असा अनुभव भोगलेले कुणी नाही, असे धरून चालू नये. पहिल्या भागातली १३ आणि २९ ही प्रकरणे मोठ्याने वाचू नयेत. हम्बर्टची लय चांगल्या आवाजात ऐकली की अर्थ मागे पडतो आणि नादच राहतो. ध्वनिपुस्तकाने पहिले वाचन करू नये तेही याचसाठी. चर्चेची सुरुवात ‘हम्बर्ट तुम्हाला कसा वाटला’ या प्रश्नाने केली की उरलेला दीड तास त्याच्यावरच जातो. त्याऐवजी प्रत्येकाने आपल्या ‘ड’च्या खुणांमधली एक ओळ वाचावी. आणि संयोजकाच्या खिशात १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक असावा. एखाद्या मुलावर अत्याचार होत असल्याचे बोलण्यातून कळले, तर ते पोलिसांना किंवा बालकांसाठीच्या विशेष पोलीस पथकाला कळवणे पॉक्सोच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे. ‘गटातली गोष्ट गटात’ हा नियम तिथे चालत नाही.

वाचताना किळस येईल. पुस्तक बाजूला ठेवून दोन दिवस थांबावे, पुन्हा घ्यावे. नाही घेतले तरी त्यात कमीपणा नाही. अधिक काळजी करण्याजोगी वेळ म्हणजे चाळीस-पन्नास पाने किळस न येता गेली, हे अचानक ध्यानात येते ती. त्या पानांवर परत जावे आणि कोणत्या विशेषणापाशी आपण त्या मुलीला विसरलो ते शोधावे. बहुधा तिथे हम्बर्टने विनोद केलेला असतो.

शेवटी आपल्या वर्तमानपत्राकडे एक मागणी. अल्पवयीन मुलीवरील अत्याचाराच्या बातमीत ‘प्रेमसंबंध’, ‘प्रेमप्रकरण’, ‘जाळ्यात ओढले’ हे शब्द अजून छापले जातात. कमी वयाच्या नटीच्या छायाचित्राखाली ‘लोलिता’ हे विशेषण म्हणून येते. हे सगळे शब्द हम्बर्टच्या बाजूचे आहेत. ते उपसंपादकांच्या टेबलावरच थांबवावेत. कादंबरीवर लेख छापाल तेव्हा त्यासोबत हृदयाच्या आकाराचा चष्मा छापू नये, आणि मजकुरात एकदा तरी त्या मुलीचे पूर्ण नाव यावे : डोलोरेस हेझ.

कळावे.

आपल्या वर्तमानपत्राचा एक नियमित वाचक,
पुणे